यंत्राला उलट फुंकणारा माणूस

५ फेब्रुवारी

लाडाच्या मायन्याने सुरुवात केली तर तू पुढचं वाचणार नाहीस, म्हणून मुद्द्याचं आधी लिहिते. तुझे बाबा आठवडाभर इस्पितळात होते. काल घरी आणलं. फुप्फुसं खराब झाली आहेत आणि ती पूर्वीसारखी होणार नाहीत. तू फोन उचलत नाहीस. काका तुझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेचा माल पोचवायला येत आहेत, म्हणून त्यांच्या हाती ही चिठ्ठी देते आहे. ती त्यांच्यासमोर वाचायची सक्ती नाही.

सुरुवात सर्दीने झाली. सर्दी छातीत उतरली. शेडच्या पायऱ्या चढताना मध्येच कठड्याला धरून उभे राहायला लागले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "कठड्याचा रंग... बघतोय. उडालाय." रंग मागच्याच महिन्यात दिला होता. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून बाहेर आले आणि टॉवेलसकट स्टुलावर बसले ते उठेचनात. मग मी विचारणं बंद केलं आणि गाडी बोलावली.

तिथला छातीचा डॉक्टर तरुण आहे. मला पहिल्याच वाक्यात "काकू" म्हणाला. मी म्हटलं, मी तुमची काकू नाही, पेशंटचं बोला. त्याने स्टेथोस्कोप कानाला लावायच्या आधी नुसतं बघून घेतलं. बाबा पलंगाच्या कडेला पुढे वाकून, गुडघ्यांवर हात टेकून बसले होते. प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते, गळ्याच्या शिरा ताठ होत होत्या. आणि ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडत होते.

"असा श्वास कधीपासून सोडतात?"

"नेहमीच. काच फुंकायचं काम आहे. सवय आहे ती."

"काम करताना ठीक आहे. आत्ता काय फुंकतायत?"

त्याने माझ्या मागे उभ्या असलेल्या काकांकडे बघितलं. काळजीने काकांच्याही ओठांचा चंबू झाला होता. डॉक्टर म्हणाला, "तुमच्या घरात हे कुणाच्या लक्षात येणं कठीणच होतं." (काकांना तपासून घेतलं. त्यांची खरोखरच सवय आहे.)

मी प्राणिशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली बाई. त्याने सांगितलेलं सगळं मी कधीतरी परीक्षेत लिहिलेलं आहे. श्वास घेताना छातीखालचा पडदा खाली जातो, फासळ्या उघडतात, हवा आत येते. सोडायला मात्र काही करावं लागत नाही. फुप्फुसं ताणलेल्या रबरासारखी आपणहून आक्रसतात. बाबांच्या फुप्फुसांतली ती ओढच गेली आहे. इतकी वर्षं सिगारेट, वर काच घासायच्या चाकाची धूळ. आता श्वास सोडताना आतल्या बारीक नळ्या मिटतात आणि हवा आतच अडकते. ओठ आवळले की तोंडाशी अडथळा तयार होतो, त्याचा दाब मागे नळ्यांपर्यंत पोचतो आणि त्या थोडा वेळ उघड्या राहतात. हे कुणी शिकवत नाही, शरीर स्वतःच शोधून काढतं.

थोडक्यात, तुझ्या बाबांना हवा कमी पडत नाही, जुनी हवा बाहेर जात नाही. छाती त्यामुळे पिंपासारखी झाली आहे. मागच्या वर्षी सदऱ्यांची बटणं लागेनात म्हणून मी शिंप्याला दुकानात उभं राहून झापलं होतं. त्याची चूक नव्हती हे त्याला परत जाऊन सांगणार आहे.

तुझं नाव ते काढत नाहीत. तुला खोटी आशा नको म्हणून सांगितलं.

— आई


१२ फेब्रुवारी

काकांना मी खोदून विचारलं. म्हणाले, "वाचलं, घडी घातली, ॲप्रनच्या खिशात टाकलं. वहिनी, चहा पण विचारला नाही हो." मग म्हणाले, गाडीत बसताना तू खिडकीशी आलीस आणि विचारलंस, "जेवतात का?" म्हणून कळवते. जेवतात, पण थोडं. पोट भरलं की पडद्याला खाली जायला जागा उरत नाही. दिवसातून चार-पाचदा थोडं थोडं देते. चावता चावता थांबावं लागतं. गप्पा मारत जेवायची चैन संपली.

घरी दोन यंत्रं आली आहेत. एक ऑक्सिजनचं. त्याची नळी नाकाशी असते आणि बटण अगदी कमीवर ठेवायचं. बोटाला लावायच्या चिमट्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या आसपास असावा, त्याहून चढवायचा नाही, ही डॉक्टरची सक्त ताकीद. मी विचारलं, असं का, जास्त दिला तर बरंच ना? तो म्हणाला, "यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड आधीच साठलेला आहे. ऑक्सिजन वाजवीपेक्षा जास्त झाला की तो आणखी साठतो. माणूस गुंगीत जातो, श्वास उथळ होतो, आणि बघणाऱ्याला वाटतं छान झोप लागली." मी बटणावर चिकटपट्टी लावून ठेवली आहे.

दुसरं यंत्र मास्कचं. नाका-तोंडावर घट्ट बांधायचं, झोपेत लावायचं. ते दाबाने श्वास आत ढकलतं, म्हणजे छातीच्या स्नायूंना विसावा मिळतो आणि साठलेला वायू बाहेर पडतो. भांडण या मास्कवरून आहे. बांधला की मिनिटभरात ओढून काढतात.

"हे माझ्यावर... फुंकतंय. मी काय... बाटली आहे?"

बोलताना दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, पण टोमणा पूर्ण केल्याशिवाय थांबत नाहीत. काका समजवायला गेले. "दादा, चार दिवस सोसा, अंगवळणी पडेल." तर त्यांना म्हणाले, "तू लाव. तुझं तोंड... बंद राहील."

हसण्यासारखं आहे, पण हसू नकोस. डॉक्टरने मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. मास्क जमला नाही तर पुढच्या खेपेला घशात नळी घालून मोठ्या यंत्रावर ठेवण्याशिवाय उपाय उरणार नाही, आणि अशी फुप्फुसं असलेला माणूस त्या नळीवरून परत सुटेलच असं नाही. हे बाबांनाही सांगितलं. ते काकांच्या आणि माझ्यासमोर म्हणाले, "नळी नको. काही झालं तरी." डॉक्टरने दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर. तेव्हा आता सगळं त्या मास्कवर आहे.

तुला राग आहे तो शेडमधल्या दिवसाचा. मलाही आहे, वेगळ्या बाजूने. शेवटची तीन वर्षं काचेचे मोठे नग तूच फुंकलेस. ते काच ज्योतीत धरून फिरवायचे, तू रबरी नळी तोंडात धरून समोर बसायचीस आणि त्यांच्या बोटाकडे बघून फुंकायचीस. गिऱ्हाइकांना वाटायचं सगळं त्यांचंच. त्यांनी सांगितलं नाही, मीही नाही. मग तू एक दिवस गिऱ्हाइकासमोरच म्हणालीस, "यातला एकही नग बाबांनी फुंकलेला नाही. त्यांना दम पुरत नाही." आणि त्यांनी तुला शेडबाहेर काढलं.

तू बोललीस ते खरं होतं. जिथे बोललीस ती जागा चुकीची होती. माझी ही दोन्ही मतं कायम आहेत.

— आई


२१ फेब्रुवारी, इस्पितळातून

काका तुझ्याकडेच निघाले आहेत, मुद्दाम. वाचून त्यांना काय ते सांग.

काल तुझी आत्या आली. भावाला बघून रडली, मग माझ्यावर घसरली. चिमटा त्यांच्या बोटाला लावला, मग स्वतःच्या बोटाला लावला.

"अगं, माझे अठ्ठ्याण्णव आणि याचे नव्वद? आणि तू बटण चिकटवून ठेवलंयस?"

"वन्सं, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर काय, त्याचा भाऊ आहे का? हवेला पण उपाशी ठेवणार तू माझ्या भावाला?"

मी वाद घातला नाही. शेडमध्ये पॅकिंग अडलं होतं, मी तिकडे गेले. परत आले तर बाबा उशीला टेकून झोपलेले. खांदे उचलत नव्हते. ओठांचा चंबू नव्हता. गालांवर लाली होती. इतक्या महिन्यांत असा चेहरा मी पाहिला नव्हता. आत्या शेजारी बसून त्यांच्या केसांवरून हात फिरवत होती. म्हणाली, "बघ. लेकरासारखा झोपलाय."

आणि मला बरं वाटलं. हे लपवत नाही. मी दोघींसाठी चहा टाकला.

चहा घेऊन आले तेव्हा त्यांचा हात पांघरुणाबाहेर होता. आत घ्यायला गेले तर हात गरम, तळवा लालभडक. श्वास मोजावा म्हणून छातीकडे बघितलं. छाती हलली आणि मग हललीच नाही. मी वाट बघत राहिले. मग पुन्हा जराशी हलली. हाक मारली. खांदा हलवला. डोळे अर्धे उघडले, पण मला ओळखलं नाही. तेव्हा मी यंत्राकडे बघितलं. चिकटपट्टी निघालेली होती, बटण पार वरच्या टोकाला.

बटण लगेच पूर्वीच्या जागी आणलं, उशी उंच केली, गाडी बोलावली. आत्या नुसती "मी काय केलं, मी काय केलं" करत होती. मी म्हटलं, काय केलं ते डॉक्टरना नीट सांगा, किती वेळ आणि किती वाढवलं, रडायचं नंतर. तिने सांगितलं, एकही शब्द न लपवता. बाई हिमतीची आहे.

इथे मनगटातून रक्त काढून तपासलं. कार्बन डायऑक्साइड फार वाढलेला. तातडीच्या विभागातली डॉक्टरीण घाईत होती. "नळी टाकायची का? आत्ता सांगा." आपला छातीचा डॉक्टर अजून पोचला नव्हता. बाबा बोलण्याच्या स्थितीत नव्हते. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "नाही. शुद्धीवर असताना त्यांनी दोनदा नाही म्हटलंय. मास्क लावा."

"मास्कने नाही निभावलं तर?"

"ऐकलंय मी. मास्क लावा."

माझा आवाज चढला होता असं काका म्हणतात. मला फक्त आठवतं की मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि भिंत गार होती.

मास्क लावला. गुंगीत असल्यामुळे त्यांनी विरोध केला नाही. दोनेक तासांत वायू थोडा उतरला आणि ते जागे व्हायला लागले. इथेच घात झाला. जागे झाल्याबरोबर भांडण सुरू. हात बाजूला धरले, तरी यंत्र सारखं ओरडत होतं. आपला डॉक्टर तोवर आला होता. तो बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "हात धरले की घाबरलेला माणूस मान फिरवतो, सुटायला बघतो. हे तसं काही करतच नाहीत. यंत्राने ढकललं की हे गाल आवळून उलट फुंकतात. असे गाल मी पाहिले नाहीत."

आयुष्यभर तोंडाशी आलेल्या दाबाला दाब देणं हेच काम केलेला माणूस. दुसरं काय करणार? आणि प्रत्येक वेळी उलट फुंकताना उरलीसुरली ताकद जाते आहे. संध्याकाळी पुन्हा रक्त तपासणार. वायू उतरलेला नसला तर पुढे काय, हे डॉक्टरने बोलून दाखवलं नाही.

तुला बोलवत नाही. कळवते आहे.

— आई


२२ फेब्रुवारी

आहेत. आधी तेवढं वाच आणि मग पुढचं सावकाश.

काल तुला चिठ्ठी लिहून झाल्यावर मी डॉक्टरला विचारलं, "यंत्राला कसं कळतं केव्हा फुंकायचं?"

"ते वाट बघतं. यांनी श्वास ओढायला किंचित जरी सुरुवात केली की पुढचं काम ते करतं. यांनी सोडायला घेतला की दाब उतरवतं."

"म्हणजे इशारा कोण देतं?"

"हेच देतात."

"हे त्यांना कुणी सांगितलंय?"

सगळ्यांनी त्यांना सांगितलं होतं की सोसा, सैल सोडा, यंत्राचं ऐका. तुझ्या बाबांनी आजवर कुणाचं ऐकलंय?

मी पलंगाशी गेले. शेडमध्ये बोलते त्या आवाजात बोलले. "अहो, इकडे बघा. हे तुमच्यावर फुंकत नाहीये, तुमच्यासाठी फुंकतंय. तुम्ही बाटली नाही. नग तुमच्या हातात आहे. इशारा तुम्ही द्यायचा, हे फुंकणार. नवीन माणूस आहे, जरा सांभाळून घ्या."

डोळे माझ्यावर रोखले. यंत्र ओरडतच होतं. मग उजवा हात पांघरुणावर आला, आणि तर्जनी उचलली गेली. तुझ्यासाठी उचलायचे तशीच, नखभर. बोटाबरोबर त्यांनी जरासा श्वास ओढला आणि यंत्राने फुंकलं. गाल आवळले नाहीत. छाती वर आली. बोट खाली. दाब उतरला, श्वास सुटला. पुन्हा बोट वर.

ओरडणं थांबलं. नर्स जाग्यावर उभी राहिली.

बऱ्याच वेळाने त्यांनी मास्ककडे हात केला. नर्स नको म्हणाली, मी क्षणभर कडा उचलली. म्हणाले, "उशीर... करतो." श्वास. "पोरगी... बोटाच्या आधीच... द्यायची."

मी मास्क परत बसवला.

डॉक्टरने विचारलं, "काय म्हणतायत?"

"यंत्र आळशी आहे म्हणतात."

त्याने पडद्यावरचे आकडे बघितले, एक बटण दोन घरं फिरवलं आणि जरा ओशाळून म्हणाला, "खरंच थोडं मंद ठेवलं होतं." पुढच्या श्वासाला बाबांनी मान हलवली. तुला माहीत आहे ती मान. नग पास झाला की हलवतात ती.

संध्याकाळचं रक्त आधीच्यापेक्षा पुष्कळ बरं आलं. मग मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. आत्या तिथेच होती. तिने पाण्याची बाटली पुढे केली. झाकण तिनेच उघडून दिलं.

— आई


३ मार्च

परवा घरी आणलं. काका म्हणाले, त्यांनी तुला इस्पितळातलं सांगितलं तेव्हा तू हातातलं काम खाली ठेवलंस आणि एवढंच विचारलंस, "कुठलं बोट?" ते म्हणे सांगू शकले नाहीत. माझ्या चिठ्ठीतून आता तुला कळलंच आहे.

गोड काही लिहिणार नाही. फुप्फुसं आहेत तशीच आहेत. डॉक्टर वर्षांचा हिशेब देत नाही. पुढची सर्दी हीच मोठी भीती, आणि नळी नको हा निर्णय कायम आहे. मी त्यांना तिसऱ्यांदा विचारलं. म्हणाले, "किती वेळा... विचारशील? परीक्षा आहे?" आत्या दर रविवारी येते आणि यंत्रापासून चार हात लांब बसते. शेडचं काम काका बघतात. मोठे नग घेणं बंद केलं, कारण काका लहानच नग करतात, मोठे फुंकायला माणूस नाही. हे तुला ओढून आणायला लिहिलेलं नाही. विचारशील म्हणून लिहिलं.

पहिल्या चिठ्ठीत मी लिहिलं होतं की ते तुझं नाव काढत नाहीत. ते खरं होतं. नाव काढत नाहीत. "पोरगी असती तर" एवढंच म्हणतात. सदरा अडकला तरी, बर्नरचा आवाज बिघडला तरी. मी ते कळवलं नाही कारण मला वाटलं, तू त्या शब्दांसाठी यावंस आणि इथे आल्यावर त्यांनी तोंड फिरवावं, हे मला बघवणार नाही. आजही फिरवणार नाहीत अशी हमी देत नाही. माणूस तोच आहे.

पण एकटीने हे जमत नाही. हे वाक्य मी कुणाला लिहिलेलं नाही. ते झोपले की त्यांच्या छातीकडे बघत राहावं लागतं. श्वास उथळ झाला का, मध्ये खंड पडला का, मास्कची कड सुटली का. दिवसरात्र मीच बघते. पण हल्ली बघता बघता माझा डोळा लागतो आणि दचकून उठते तेव्हा आधी त्यांच्याकडे बघायचं धाडस होत नाही. काका मदत करतात, पण ते श्वासाकडे बघत नाहीत, चेहऱ्याकडे बघतात. चेहरा फसवतो, हे मी चहाचे कप हातात धरून शिकले आहे. तुला त्यांचा श्वास कळतो. तीन वर्षं तू दुसरं काही बघितलं नाहीस.

तेव्हा ये. माफी मागायला नको, द्यायलाही नको. त्या गिऱ्हाइकाचा विषय निघाला तर मी दोघांनाही गप्प करीन.

येशील तर दुपारचं जेवण झाल्यावर ये. त्या वेळी मी त्यांना मास्क बांधते, दोन तास. मास्क असताना त्यांना बोलता येत नाही, ओरडता तर मुळीच नाही. तू समोरच्या खुर्चीत बस. बघू दे त्यांना तुझ्याकडे, पाहिजे तेवढं. तूही बघ.

मग मी मास्क काढीन.

— आई